उलटा कागद

"कागद उलटा धर आणि सांग, कुठे काळं जास्त दिसतंय?" नवरा म्हणाला. फॉन्ट आम्ही असाच तपासतो. उलटी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून नुसती शाई दिसते.

या फॉन्टमधली रोमन अक्षरं त्याची, देवनागरी माझी. त्याची अक्षरं उंच. त्यांच्या उंचीला जायचं तर माझ्या वेलांट्या वरच्या ओळीला धडकतात, म्हणून दर वेळी मीच अक्षरं लहान करायची. शेवटी ती रोमनशेजारी अंग चोरून बसल्यासारखी दिसायला लागली. "रोमन झालंय, आता त्याला हात लावणार नाही," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मागच्या आठवड्यात मी "मग देवनागरीही तूच काढ" म्हणून माहेरी निघून गेले होते.

आज कागद सगळीकडे सारखाच करडा दिसला. मी तो सुलटा केला. माझी अक्षरं होती तेवढीच होती; रोमन मात्र बुटकी झाली होती.

"अख्खं रोमन नव्याने काढलंस?"

"थोडंसं खाली घेतलंय."

मी भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे पाहिलं. त्यात हा सहा फुटी माणूस माझ्या उंचीला यावं म्हणून धोतराआड गुडघे वाकवून उभा आहे, आणि चेहरा असाच साळसूद.