रीतसर

मी फायनान्स खात्यात शिकाऊ आहे. साहेबांना कॉम्प्युटरचं वावडं, म्हणून खात्यातले सगळे अर्ज त्यांच्या पासवर्डने मीच मंजूर करते.

"साहेब, उद्या माझा पेपर आहे. बुडाला तर वर्ष गेलं."

"मग सुट्टीचा अर्ज टाक की रीतसर. मी कुणाला अडवलंय कधी?"

मी अर्ज टाकला आणि साहेबांच्या नावाने उघडला. 'मंजूर' दाबणार, तोच पेपरासाठी महिनाभर घोकलेला नियम आठवला: स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करू नये. नाइलाजाने 'नामंजूर' दाबलं.

साहेब हळहळले. "अगं, नामंजूर कुणी केला?"

"तुम्ही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"मग काहीतरी विचार करूनच केला असेन."