डाव्या काखेतलं नाव

अकरा महिने मास्तरांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. पत्र मात्र तोंडपाठ झालं होतं.

"तुमच्या काचेच्या पेटीतलं डाळिंबांच्या कशिद्याचं पोलकं मी केलंय. सोळाव्या वर्षी, माझ्या लग्नासाठी. डाव्या काखेत, अस्तराच्या आत, लाल दोऱ्याने माझं नाव आहे. सून म्हणते, म्हातारी भ्रमली. एकदा उसवून बघा. नाव असेल तर आहे म्हणून कळवा. नसेल तर नाही म्हणून कळवा. मग मीही समजेन, सून म्हणते तेच खरं."

मास्तर संग्रहालयातले जुने कपडे सांभाळत. जन्मात एकच पुस्तक लिहिलं, तेही याच पोलक्यावर: दोनशे वर्षांपूर्वीचं, करणारी अज्ञात. पुस्तक फारसं कुणी वाचलं नाही. पण आपल्या हातून कागदावर खोटं अक्षर उतरलं नाही, एवढाच त्यांच्या जीवाला आधार. म्हणूनच उत्तर अडलं होतं. न बघता लिहायचं कसं?

उद्या निवृत्ती. आज सकाळी त्यांनी पेटी उघडली, पोलकं उलटं केलं आणि कातरीचं टोक काखेतल्या शिवणीत घातलं.

दुपारी तिकीटवाल्या बाई डोकावल्या. "मास्तर, निघता निघता शिंपी व्हायचा विचार दिसतोय!"

"या वयात हो? गिऱ्हाईक कोण येणार?"

"एवढीशी काख उसवायला अर्धा दिवस?"

"जुनं कापड. घाई केली की सुईची भोकं दिसत राहतात."

"मग?"

"ओलं फडकं ठेवून हलकेच दाबायचं. मिटतात."

बाई दारातच रेंगाळल्या. "दर महिन्याला त्या आजींचा फोन येतो. मास्तरांनी बघितलं का, म्हणून. काय सांगू?"

मास्तरांनी चिमटा खाली ठेवला. "सांगा, आज पत्र टाकतोय."

"खरंच? देव पावला म्हणेल हो म्हातारी!"

चार वाजता अस्तर पुन्हा शिवून झालं. मास्तरांनी कोट चढवला आणि उभ्याउभ्याच दोन ओळी लिहिल्या.

"डाव्या काखेतलं अस्तर उसवून नीट पाहिलं. आत नाव नाही."

पुन्हा वाचलं. एक अक्षर खोटं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पत्र टाकलं आणि बाहीला चिकटलेले लाल दोऱ्याचे तुकडे एकेक करून झटकले.