संध्याकाळची चेष्टा

साठ किलोंची दांडी जमिनीवरून हलेचना. सुनीतीने दातओठ खाल्ले, देवाचं नाव घेतलं, मग देवालाच दोन शब्द सुनावले. दांडी आपली ढिम्म.

"बौदी, संध्याकाळी येत जा," तपनदा हिंदीत म्हणाले; बौदी म्हणजे वहिनी. कोलकात्याच्या बेहाला भागातल्या त्या व्यायाम समितीत वजनं उचलायला तेच शिकवायचे. "सकाळी अंग थंड असतं. हेच लोखंड संध्याकाळी उचलाल."

"मी सकाळीच येणार," सुनीती म्हणाली.

तपनदांचं खरं होतं, हे काय तिला कळत नव्हतं? पन्नाशी उलटलेली कंबर सकाळी लाकडासारखी ताठ असायची, बोटांना पकड नसायची. सुरुवातीला ती संध्याकाळीच यायची, आणि वजनही कसं भराभर वाढत होतं! पण एका संध्याकाळी ती दांडीवर वाकलेली असताना बाकावरच्या पोरींपैकी मौली नावाची एक मोठ्याने म्हणाली, "काकीमा खूब चेष्टा कोरछेन!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक तर हसलीसुद्धा.

नवऱ्याच्या बदलीमुळे सुनीती नुकतीच कोलकात्यात आलेली. बंगाली तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण चेष्टा हा शब्द कळायला बंगाली कशाला यायला हवं? घरी येऊन ती भडकली. "तोंडावर चेष्टा करतात हो माझी! वर सांगतात पण!"

"मग सोडून दे," श्यामसुंदर बँकेच्या कागदांतून डोकं न काढता म्हणाले.

झालं! तेलात पाणी पडावं तशी ती तडतडली. इंदूरला पेटी सोडली होती, रांचीला शिवणाचा क्लास, भोपाळला पोहणं. बदलीचा हुकूम आला की यांची खुर्ची बदलायची आणि तिचं सगळं अर्ध्यावर राहायचं.

"व्यायाम नाही सोडणार," तिने बजावलं. "संध्याकाळ सोडेन." दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी जाऊ लागली.

आणि आता राज्य स्पर्धेसाठी समितीची निवड आली. पन्नाशीपुढच्या बायकांत जागा एकच, ती साठ किलो उचलले तरच मिळणार. निवड होती रविवारी, संध्याकाळी, सगळ्यांच्या देखत.

"त्या पोरी असतील हं तिथे," श्यामसुंदर म्हणाले.

"असू देत. हसतील त्यांचे दात दिसतील."

रविवारी पोरी बाकावर हजर होत्याच. सुनीतीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. हाताला खडूची पूड चोळली, पदर नव्हता तरी सवयीने कमरेशी हात नेला आणि वाकली. तपनदा म्हणाले होते ते खरं ठरलं. सकाळी हट्टाला पेटलेली दांडी सरळ गुडघ्यांपर्यंत आली. तिथे मात्र अडली.

आणि बाकावरच्या सगळ्या पोरी उठून टाळ्या पिटत ओरडायला लागल्या. "आरो चेष्टा, काकीमा! आरो!"

आरो म्हणजे आणखी, एवढं तिला मिठाईच्या दुकानात कळलं होतं. आणखी चेष्टा! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थांबा मेल्यांनो, दाखवते तुम्हाला! तिने कंबर ताणली आणि ताठ उभी राहिली. तपनदांचा हात वर गेला. दांडी दाणकन खाली आली. जागा तिची झाली.

सुनीती धापा टाकत मौलीसमोर जाऊन उभी राहिली. "अब करो मेरी चेष्टा!"

मौली गोंधळली. "आपकी चेष्टा हम कैसे करेंगे, काकीमा? कोशिश तो खुद ही करनी पड़ती है ना?"

कोशिश! सुनीतीची कानशिलं तापली. म्हणजे ही पोरगी त्या दिवसापासून आपलं कौतुक करत होती, आणि आपण रागापायी इतक्या संध्याकाळी वाया घालवल्या? तिला लाज वाटली, मग हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. तिने खडूने माखलेल्या हातांनी मौलीचे गाल धरले.

"तपनदा, उद्यापासून संध्याकाळी येते," ती म्हणाली. आणि मग आयुष्यातलं पहिलं बंगाली वाक्य तिने ठणकावून सांगितलं, "चेष्टा कोरबो!"