देवांजवळची जागा

बेसमेंटमध्ये अकरा देव, एक समई, एक कॉट, तीन ब्लँकेट्स, वाइनचं एक काचेचं कपाट आणि एक आजी होती. वर पाच बेडरूम्स होत्या आणि माणसं तीन.

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या त्या घरात ऐन जानेवारीत आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. एक्याऐंशी वर्षांचे एक्याऐंशी दिवे लावले होते, पण बॅटरीवरचे. खऱ्या ज्योतीने स्मोक अलार्म वाजतो. देवांनाही त्याच कारणाने खाली हलवलं होतं.

“माझ्या आईची श्रद्धा बघा,” श्रीराम पाहुण्यांना सांगत होता. “गेस्ट रूम ऑफर केली, पण देवांना सोडून वर झोपायलाच तयार नाही!”

त्याची मुलगी निधी आजीला आणायला खाली गेली. पैठणीवर स्वेटर घालून आजी श्रीरामसाठी जप करत बसली होती.

“आजी, हीटरचा व्हेंट कुणी बंद केला?”

“श्रीरामने. ऊब लागली की त्या कपाटातलं सरबत बिघडतं म्हणे. असू दे गं, मला नामाची ऊब पुरते.”

निधीने किचनमधला थर्मामीटर आणून उशीवर ठेवला आणि पाच मिनिटं थांबली. मग कपाटावरचा आकडा वाचला.

ती वर येताच श्रीरामने सगळ्यांसमोर विचारलं, “काय म्हणतायत आमच्या मातोश्री?”

“वाइनच्या कपाटात तेरा अंश सेल्सिअस,” निधी म्हणाली. “आजीच्या उशीवर दहा.”