रणधीरचा ठेका

स्टेडियमबाहेर आवळेमामा हलगी जाळावर शेकत होते. मी त्यांना बजावलं, "मामा, आज रणधीरच्या पायात बॉल आला तरी त्याचा ठेका वाजवायचा न्हाई. आठ वर्षं आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडनं खेळला आन् यंदा पलीकडच्या पेठेच्या टीमात गेला. आज त्याला फकस्त शिव्या."

"मला काय खुळा समजतोस व्हय?" मामा म्हणाले.

मॅचभर आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडलो. जांभळ्या जर्सीत तो जाड दिसतोय, वेग गेलाय, बरं झालं ब्याद टळली, असं एकमेकांना पटवत राहिलो. सत्तराव्या मिनिटाला त्यानं आमच्या तिघांना चकवून गोल मारला आणि हात पसरून धावत सुटला, थेट आमच्याच गॅलरीकडं. आठ वर्षांची सवय.

जाळीपाशी आल्यावर त्याला आमचे झेंडे दिसले. पसरलेले हात तसेच हवेत राहिले. हुर्यो उडवायला मी बोटं तोंडाकडं नेली. आणि मागून हलगीवर त्याचा ठेका सुरू झाला.

मी गर्रकन वळलो. "मामा, गोल आपल्याला बसलाय."

"ठाव हाय," मामा वाजवता वाजवता म्हणाले. "पण आलाय न्हवं आपल्याकडं? मग तसंच माघारी कसं धाडायचं?"

शिट्टीसाठी वर नेलेली बोटं मी खाली घेतली आणि टाळ्या वाजवल्या. अगदी हळू, शेजारच्याला ऐकू जाणार नाहीत अशा.

शेजारचाही तशाच वाजवत होता.