वजाबाकीचा आठवडा

"दहातून एक गेला. राहिले किती?"

"दहा," गोगलगाय म्हणाली.

वर्ग खो-खो हसला. बाईंनी कपाळाला हात लावला. सोमवारपासून हेच चाललं होतं. खडे मांडून झाले, पेन्सिली मांडून झाल्या, पोरांना ओळीत उभं करून एकेकाला दाराबाहेर पाठवूनही झालं. सदा अंग चोरून बसायची, म्हणून या पोरीचं नाव गोगलगाय. बेरजेत ती कुणाला हार जायची नाही, पण वजाबाकी आली की गाडी अडलीच. आज बुधवार, आणि शुक्रवारी तपासनीस साहेब यायचे होते.

बाईंना खरा घोर होता, तो मात्र वजाबाकीचा नव्हता. एका खोलीची शाळा, पटावर मोजून दहा पोरं. दहाच्या खाली पट गेला की शाळेला कुलूप, असा नियम. मग एवढ्याएवढ्या पोरांनी हमरस्ता ओलांडून, तासभर चालत दुसरी शाळा गाठायची. किती जण गाठतील, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. कारखाना बंद पडल्यापासून एकेक बिऱ्हाड हलत होतं, आणि आज सकाळी भोंग्याचंही हललं. वर्गात सगळ्यांत मोठा आवाज याचाच, म्हणून भोंगा. खाली गाद्या, भांडी, सायकल आणि वर भोंगा, असा टेम्पो शाळेवरूनच गेला. पोरांनी खिडकीतून हात हलवले. दाखला न्यायलाही कुणी थांबलं नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर बाईंनी गोगलगायीला थांबवून घेतलं.

"खरं सांग, तुला येत नाही की मुद्दाम करतेस?"

"येतं," ती खाली बघत म्हणाली. "पण गेलेला परत येतो ना? बाबा कामाला गेलेत, ते येणारेत. घरी आम्ही तिघंच, तरी आई रोज चार ताटं घेते."

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. पहिल्या दोन महिन्यांनंतर त्यांचा फोनही लागत नव्हता, हे अख्ख्या वस्तीला माहीत होतं. पोरीला जवळ घ्यावं, मरू दे ती वजाबाकी, असं त्यांना फार वाटलं. पण बावीस वर्षांची खोड. गणित अर्धवट सोडवेना.

"घरी घेऊ दे गं आईला. गणितात मात्र गेलेला धरायचा नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, बाळा."

पोरीने वही पुढे ओढली. मग तिने दहाच्या दहा गणितं सोडवली, सगळी बरोबर. वही देताना ती हसली नाही. बाईंनी 'छान' असा शेरा दिला, आणि आपण काहीतरी वाईट केलंय असं त्यांना घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं.

शुक्रवारी त्यांनी हजेरीत भोंग्याच्या नावापुढे 'आजारी' लिहिलं. पोरांना मात्र काही पढवलं नाही. त्यांना खोटं बोलायला शिकवणं बाईंच्या जिवावर आलं. आणि साहेब विचारून विचारून काय विचारणार, पाढे नाहीतर कविता!

साहेब तसे भले निघाले. पाणी प्यायले, वह्या चाळल्या, हजेरी पाहिली.

"पट दहा, हजर नऊ, एक आजारी. ठीक आहे," म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढलं. बाईंचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात साहेबांचं लक्ष शेवटच्या बाकावर दडलेल्या गोगलगायीकडे गेलं. जो लपतो त्यालाच विचारायचं, ही खोड सगळ्या साहेबांना सारखीच.

"तू सांग बघू. वर्गात तुम्ही किती जण?"

तिने एकेकाकडे बोट करत मोजलं, शेवटचं बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. "नऊ."

"आणि आजारी आहे तो धरून?"

"आजारी कुणी नाही. भोंगा गेला, टेम्पोतून. गेलेला धरायचा नसतो."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांचं पेन कागदावर थांबलं. त्यांनी हजेरीकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि अवघडून पुन्हा पोरीकडे.

"बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "कुणी शिकवलं गं तुला हे?"

पोरगी बाईंकडे बघत होती. वजाबाकीचं चारचौघांत बरोबर आलेलं तिचं हे पहिलंच उत्तर. बाई शेवटच्या बाकापर्यंत गेल्या आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलं."