घासागणिक एक 'आ'

बाईंनी दाराची कडी काढली, दार नुसतं लोटून ठेवलं आणि मग जेवायला बसल्या. पक्षाघाताच्या झटक्यानंतर चार महिने हाच क्रम होता. घशात काही अडकलंच, तर येणाऱ्याला दार फोडावं लागू नये. येणार कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता.

अर्धा चमचा. हनुवटी छातीकडे. गिळायचं, पुन्हा गिळायचं. मग मोठ्यानं 'आ' म्हणायचं. आवाज स्वच्छ आला तर घास ठीक गेला. ओलसर, घरघरता आला तर खोकायचं आणि परत गिळायचं. शाळेत तीस वर्षं त्यांनी फळ्यावर त्या दोन नळ्या काढल्या होत्या. एक हवेची, एक अन्नाची, मध्ये झाकण. झाकण क्षणात मिटतं आणि उघडतं, एवढं सांगून त्या पुढच्या धड्याकडे वळत. ते मिटायला उशीर झाला तर काय, हे कुणी मुलानं विचारलं नव्हतं.

दिवसभरात त्या घरात माणसाचा आवाज म्हणजे तेवढा 'आ'.

गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशी, एकटीनं जेवायचं नाही हं. कोण बसतं तुमच्याजवळ?"

"समोरचे बसतात की. घड्याळवाले."

मुलीनं कागदावर तसं लिहून घेतलं. बाई सहसा खोटं बोलत नसत. पण खरं सांगितलं असतं तर त्यांची रवानगी भावाकडे झाली असती, आणि तिथे घास घशाखाली उतरला नसता तो वेगळ्याच कारणानं.

घड्याळवाल्यांशी त्यांचं शेवटचं बोलणं वर्षापूर्वीचं, तेही जिन्यातला दिवा कुणी बंद करायचा यावरून. "घड्याळं दुरुस्त करून करून माणूसही काट्यासारखा टोचायला लागलाय," असं बाई तेव्हा दारातच म्हणाल्या होत्या. हळू म्हणाल्या होत्या. पण घड्याळवाल्यांचे कान तिखट. त्यांनी धाडकन दार लावून घेतलं होतं.

आज सकाळी मुलीनं बाईंच्या गळ्याला स्टेथोस्कोप लावून गिळणं ऐकलं आणि ती हसली. "झकास, मावशी! आता 'आ' बंद. गप्प जेवा."

बाई गप्प जेवू लागल्या. पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसरा. फ्रिज तेवढा घुमत होता. बरं होणं इतकं सुनं असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

चौथ्या घासाला दार भिंतीवर आपटलं. दारात घड्याळवाले. शर्टात रुमाल खोचलेला, उजवा हात खरकटा, धाप लागलेली.

"बाई! आवाज का नाही?"

बाई बघतच राहिल्या. "मी... बरी झालेय. आता 'आ' नाही म्हटलं तरी चालतं."

"तुम्हाला चालतं हो! मला कोण सांगणार? कडी काढल्याला सहा मिनिटं झाली. जीव टांगणीला लावता माणसाचा!"

ते तणतणत परत गेले. आपलं दार लोटायचंही त्यांना सुचलं नाही. त्यामुळे बाईंना त्यांचा उंबरठा दिसला. आत एक खुर्ची, बाईंच्या दाराकडे तोंड केलेली. तिच्या पायांनी फरशी घासून पांढरी पडली होती. बाजूच्या स्टुलावर ताट. ताटात कालवून ठेवलेला एक घास, अजून न उचललेला.

घड्याळवाले खुर्चीत बसले. घास त्यांनी हातात घेतला आणि धरून ठेवला.

बाईंनी अर्धा चमचा तोंडात घातला. हनुवटी खाली केली. गिळलं. आणि मग, काही गरज नसताना, जिन्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "आ."

समोर घड्याळवाल्यांनी आपला पहिला घास खाल्ला.